अठ्ठाविसाव्या पेटीतली कादंबरी

वाचून झालेल्या पुस्तकांची यादी मी वयाच्या पंधराव्या वर्षापासून ठेवते. नाव, कुठून आणलं, कधी सुरू केलं, कधी संपलं. मत लिहीत नाही. रकान्यात मावत नाही. बहुतेक पुस्तकांपुढच्या दोन तारखांत चार-सहा दिवसांचं अंतर आहे. एका कादंबरीची सुरुवात मात्र वैशाखातली आणि शेवट श्रावणातला. पुस्तक जाड नव्हतं, दोनशे पानांच्या आतलं होतं. उशीर माझ्यामुळे झाला.

आमचं घर केळशीला. इंग्रजी शाळेसाठी मला रत्नागिरीला काकांकडे ठेवलं होतं. गोष्ट एकोणीसशे तिसाच्या पुढची-मागची. काकांची गावाबाहेर आंब्याच्या कलमांची बाग होती आणि घराच्या मागच्या पडवीत चैत्र-वैशाखात मुंबईच्या पेट्या भरायचं काम चाले. पेट्यांची यादी माझ्याकडे होती: पेटीचा हंगामभर सलग चालणारा नंबर, आत किती डझन, फळ मोठं की मध्यम. एक प्रत पेट्यांबरोबर आगबोटीने मुंबईच्या दलालाकडे जाई, दुसरी घरी राही. काका खाली सही करत आणि वर बघतसुद्धा नसत. "हिची यादी म्हणजे बघायला नको," असं ते आल्यागेल्याला सांगत. ते ऐकायला मला आवडे.

घरात चौघं होतो. काका, काकू, मी आणि वहिनी. वहिनी म्हणजे काकांच्या मुलाची बायको. दादा मुंबईला एका कचेरीत होता, दिवाळीला आणि शिमग्याला यायचा. वहिनींचं माहेर गुहागरचं. वय असेल वीस. मी पाच वर्षांनी लहान, तरी नणंद म्हणून त्या मला 'वन्सं' म्हणत आणि एरवी माझ्याबरोबर भिंतीवरून उडी मारून कैऱ्या आणत.

वहिनींना वाचायची फार आवड. ती त्यांनी लग्नानंतर वर्षभर कुणाला कळू दिली नव्हती. मग एकदा काकूंनी त्यांना गुळाच्या पुडीचा कागद उलगडून वाचताना पाहिलं.

"काय गो, गूळ खात्येस की कागद खात्येस?" काकू म्हणाल्या.

वहिनी घाबरल्या. काकू मात्र हिशेबी बाई. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी दुपारी दोन ते तीन हा तास सुनेला वाचायला तोडून दिला. अटी घातल्या. पुस्तक काकांनी वाचनालयातून त्यांच्या नावावर आणलेलं हवं. ते पंधरा दिवसांत, आणलं तसं परत गेलं पाहिजे. काका वाचनालयाच्या कमिटीवर होते. त्यांच्या नावावरच्या पुस्तकाबद्दल एक तक्रार आली की तास बंद. "बंद म्हणजे बंद. मग माझ्याकडे रडत यायचं नाही," असं काकूंनी बजावलं होतं.

त्या घरात पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत वहिनींचा असा तेवढा एकच तास होता. दोन वाजता त्या माजघराच्या खिडकीत पाय पोटाशी घेऊन बसत. तीनच्या ठोक्याला उठत तेव्हा त्यांचा चेहरा माहेराहून आल्यासारखा असे.

त्या वैशाखात काकांनी ती कादंबरी आणली. चुकून आणली असावी, कारण मुखपृष्ठावर नुसतं एका घड्याळाचं चित्र होतं. काकांना ते यंत्रांविषयीचं उपयुक्त पुस्तक वाटलं असणार.

कादंबरी एका सोळा वर्षांच्या मुलीची होती. सुट्टीत ती मामाच्या गावी येते. मामाच्या भिंतीवर मोठं घड्याळ आहे. त्याला आठ दिवसांनी किल्ली द्यावी लागते, आणि मामा घरातल्या कुणालाच हात लावू देत नाही, म्हणून किल्लीही घड्याळजीकडेच असते. दर रविवारी घड्याळजीचा मुलगा येऊन किल्ली देऊन जातो. पहिल्या रविवारी मुलगी त्याच्याशी भांडते. दुसऱ्या रविवारी तो उशिरा आला म्हणून भांडते. मग एका बुधवारी ती स्टुलावर चढून मिनिटकाटा हळूच दहा मिनिटं मागे सारते, म्हणजे त्याला मध्येच बोलवावं लागतं. तो येतो, काटा पुढे करतो, स्टूल जागेवर ठेवतो आणि जाताना मामाला म्हणतो, "हे घड्याळ बुधवारीच मागे का पडतं, ते बघायला हवं."

हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटलं आणि पडवीतून विहिरीपर्यंत दोनदा जाऊन आले. तहान लागली नव्हती.

बसून करायच्या कामाने माणसाला बसवेनासं का व्हावं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. एरवी मी शांतपणे पाढे लिहिणारी मुलगी. ही कादंबरी हातात घेतली की मात्र पाय हलायला लागत. एक परिच्छेद वाचायचा, मग उठून उगाच माठावरचं झाकण नीट करायचं, परत बसायचं, मागचं अर्धं पान पुन्हा वाचायचं. पुढे काय होणार हे कळायला हवं होतं आणि पुस्तक संपायला नको होतं. दोन्ही एकाच वेळी. ती दोघं एकमेकांना काहीच सांगत नव्हती. चार चार पानं नुसती तेलाच्या थेंबाविषयी आणि लंबकाविषयी बोलत, आणि माझे कान तापत.

पुस्तक वाचायची आमची पद्धत ठरलेली होती. तास वहिनींचा. इतर वेळी पुस्तक त्यांच्या ट्रंकेवर असे, मी विचारून न्यायचं आणि दोनच्या आत परत ठेवायचं. त्यांची खूण नारळाच्या हिराची, म्हणजे झावळीतल्या काडीची, माझी लाल दोऱ्याची. जी पुढे असेल तिने तोंड उघडायचं नाही. माझा दोरा हिराच्या वीसेक पानं पुढे होता, आणि वहिनी माझ्याकडे बघून म्हणत, "वन्सं, तोंड मिटा. तुमच्या भुवया बोलतायत."

एकशे बेचाळिसाव्या पानावर सुट्टी संपते. मुलीने पत्र लिहिलंय. ती टपालपेटीपाशी उभी आहे, पत्र हातात आहे, मामाचा टांगा चौकात थांबलाय, आणि टांगेवाला घोड्याला चुचकारतोय. तिथे मला काकूंनी हाक मारली होती. संध्याकाळभर आणि दुसऱ्या दिवशी सकाळभर ती मुलगी माझ्या डोक्यात तशीच उभी.

त्या सकाळी पडवीत पेट्या भरायच्या होत्या. घरचा जुना गडी बाराच्या बारा पेट्यांच्या तळाशी पेंढ्याचा थर घालून न्याहारीला गेला होता. तो परतला की त्याने आंबे मोजून भरायचे आणि मी लिहायचं, असं काम. मला पाव तास मोकळा मिळाला. वहिनी चुलीपाशी होत्या. मी त्यांना विचारलं नाही. ट्रंकेवरून पुस्तक उचललं आणि पडवीत पेट्यांच्या आडोशाला उकिडवी बसून पान उघडलं.

दोन ओळी झाल्या असतील, तर काकूंची पावलं. पुस्तक लपवायला दुसरी जागाच नव्हती. समोरच्या पेटीतला पेंढा उचलला, पुस्तक खाली सारलं, पेंढा परत नीट पसरला.

"इथे काय करत्येस?"

"यादी."

"यादी मग कर. आधी शेजारी जा आणि मोठी परात मागून आण. आंब्याची साठं घालायची आहेत. आणि तिथे गप्पा मारत बसू नको हो, त्या बाईला बोलायला माणूस हवंच असतं."

शेजारच्या बाईंना खरंच माणूस हवं होतं. त्यांनी मला कोकमाचं सरबत दिलं, परात घासून दिली, मग मुलीच्या बाळंतपणाची हकीकत दिली. मी एका पायावर उभी होते. परात घेऊन धावत आले तर पडवी झाडून स्वच्छ. एकही पेटी नाही.

गडी खांबाला टेकून पान जुळवत होता.

"पेट्या कुठे?"

"गाडीवर. बोट बिगीन लागतेय असा निरोप आला. भरल्या, ठोकल्या, गेल्या." त्याने पानाला चुना लावला. "यादी तेवढी ऱ्हायली. लिहा, मी सांगतो. माझ्या डोक्यात हाय सगळी."

मी लिहायला बसले. पंचवीस, चार डझन. सव्वीस, चार डझन. सत्तावीस, चार.

"अठ्ठावीस, साडेतीन."

"साडेतीन का?"

"तळ वर आला व्हता तिचा. पेंढा जास्ती पडला असंल. बोटीची घाई, कोण उपसून बघतो?"

अशी मला कळली ती पेटी. अठ्ठावीस.

यादी घेऊन मी बंदरावर पळाले. भर उन्हात, परकर एका हाताने धरून, ओळखीच्या तीन बायकांसमोरून. उतारावर एक चप्पल तुटली ती हातात घेतली. बंदरावर पोचले तेव्हा आमच्या पेट्या बोटीपर्यंत माल नेणाऱ्या पडावात चढल्या होत्या आणि आगबोट बाहेर धूर सोडत उभी होती. काका धक्क्यावर छत्री उघडून उभे. अठ्ठावीस नंबरची पेटी मला दिसत होती. दोन पेट्यांच्या खाली, कडेला. तिच्यावर एक खलाशी बसला होता.

"काय गो, मुंबैला येतस काय?" तो मला म्हणाला. "पेटीत जागा हाय. पेंढा पन हाय निजायला."

बाकीचे हसले. काकांनी हात पुढे केला. "यादी आणलीस? शाबास. धावत आलीस ना? बरं केलंस." मग सही करायच्या आधी, त्या एकाच दिवशी, त्यांनी यादीवर नजर टाकली. "अठ्ठावीस कमी कशी?"

तिथे मी बोलायला हवं होतं. पडाव अजून दोरीने बांधलेला होता. ती पेटी उतरवायला, फोडायला आणि ठोकायला पाव तास लागला असता. पण मग पुस्तक सर्वांसमोर निघालं असतं, काकांच्या नावावरचं, आंब्याच्या चिकाने माखलेलं, आणि वहिनींचा तास तिथेच संपला असता.

"पेंढा जास्त पडला," मी म्हणाले.

काकांनी सही केली. दोरी सुटली.

दुपारी दोन वाजता वहिनी ट्रंकेपाशी गेल्या. मी तेव्हा जवळच होते. दूर राहणं जमलं नाही.

"वन्सं, पुस्तक?"

"मी शाळेतल्या मैत्रिणीला दिलंय. दोन दिवसांसाठी."

"मला न विचारता?"

"हो."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या जाऊन खिडकीत बसल्या, रोजच्यासारखे पाय पोटाशी घेऊन, आणि तीनचे ठोके पडेपर्यंत तशाच बसून राहिल्या. दुसरं काही काम हातात घेतलं नाही. तास त्यांचा होता, त्यांनी तो दुसऱ्या कशाला दिला नाही.

दोन दिवसांचे चार झाले. "मैत्रिणीचं वाचून झालं नाही का अजून?" त्या विचारत. मी म्हणे, "उद्या." मला काय करता येईल याचा मी कागदावर आराखडा केला. काकांना सांगणे: तास बंद. वहिनींना सांगणे: काकूंनी विचारलं तर त्यांना खोटं बोलता येत नाही, म्हणजे तास बंद. दलालाला पत्र लिहिणे: टपालाचं तिकीट काकांच्या पेटीत, आणि उत्तर काकांच्याच नावाने येणार. काहीच न करणे: पंधरा दिवस पुरे होणार, वाचनालयाचा शिपाई दारात येणार. चारही वाटा एकाच ठिकाणी जात होत्या.

मध्येच, सांगायला लाज वाटते, मला त्या मुलीचीही आठवण येई. पत्र टाकलं का तिने? वहिनींचा तास जायची वेळ आली होती आणि मी टपालपेटीचा विचार करत माठावरचं झाकण नीट करत होते.

शेवटी पुढच्या खेपेला मी यादीच्या शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं: 'मागील खेपेच्या पेटी क्रमांक अठ्ठावीसमध्ये तळाशी वाचनालयाचे पुस्तक चुकून गेले आहे. कृपया बोटीवरील माणसाबरोबर परत पाठवावे.' कागद काकांपुढे ठेवला. त्यांनी न बघता सही केली आणि चष्मा पुसत म्हणाले, "तू नसतीस तर मला कारकून ठेवावा लागला असता."

मी घाईघाईने शाई टिपून कागद उचलला.

दलालाचं पत्र आठवड्याने आलं. संध्याकाळचा चहा झाला होता, काका ओटीवर झोपाळ्यावर बसले होते, काकू आणि वहिनी दारात वाल सोलत होत्या, मी गृहपाठ घेऊन पायरीवर. काका व्यवहाराची पत्रं मोठ्याने वाचत. घरच्यांना बाजार कळावा, अशी त्यांची समजूत.

"माल चांगला पोचला. फळ उत्तम." ते वाचत होते. "पेटी अठ्ठावीसमध्ये तळाची पाच फळे दबून डागाळली, कारण त्याखाली..." ते थांबले. मग तोच आवाज, पण हळू. "कारण त्याखाली पुस्तक होते. आपल्या यादीतील सूचनेप्रमाणे परत पाठवावयाचे होते, परंतु घरातील मंडळींनी ते वाचावयास घेतले असून संपेपर्यंत मागू नये असा निरोप आहे. येत्या बोटीने अवश्य पाठवितो. आमच्याकडे घरी दोन दिवस स्वयंपाकास उशीर होत आहे, हे सहज कळविले."

वालाचा एक दाणा पायरीवरून घरंगळत गेला.

काकूंनी सुपातून मान वर केली ती थेट सुनेकडे. "आंब्याच्या पेटीत पुस्तक? पेंढ्यात? घराचं नाव मुंबईच्या बाजारात पोचवलंस हो. मी तास दिला होता तो ह्याच्यासाठी?"

वहिनींना काही कळलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. मला ते चेहऱ्यावर दिसलं. पण त्यांनी माझं नाव घेतलं नाही. सूप बाजूला ठेवून, हात पुसून उभ्या राहिल्या, एवढंच.

"आजपासून तो तास—" काकूंनी सुरुवात केली.

"मी ठेवलं होतं," मी म्हणाले. "वहिनींना माहीत नव्हतं. मी न विचारता घेतलं, तुम्ही आलात म्हणून पेंढ्याखाली सारलं, आणि मग परात आणायला गेले. वहिनींना मी खोटं सांगितलं. मैत्रीण वगैरे कोणी नाही."

"आणि यादीत सूचना?" हे काका.

"मी लिहिली. तुम्ही सही केलीत."

काका उठून आत गेले. यादीची घरची प्रत घेऊन आले, चष्मा लावला आणि शेऱ्याचा रकाना वाचला. दोनदा वाचला. मग शांतपणे घडी घातली. "उद्यापासून यादी माझ्यापुढे ठेवताना बाजूला उभी राहा," ते म्हणाले. "मी सगळी वाचून सही करीन."

एवढंच. त्यानंतर 'हिची यादी म्हणजे बघायला नको' हे वाक्य त्या घरात मी ऐकलं नाही.

काकूंनी निकाल दिला तो त्यांच्या पद्धतीने. "जिने केलं तिने भरावं. सुनेचा तास सुनेचा राहील. हिच्या हातात नारळी पौर्णिमेपर्यंत गोष्टीचं पुस्तक दिसता कामा नये. शाळेचं तेवढं." मग वहिनींकडे वळून, "आणि तू गो, कुणावर पांघरूण घालत्येस ते तरी आधी विचारून घे."

मला शिक्षा कबूल होती. मनातून हलकंसुद्धा वाटलं. वहिनी मात्र चिडल्या होत्या, आणि पुस्तकासाठी नव्हे. विहिरीवर त्या मला म्हणाल्या, "मला सांगायचं होतंत. मी रागावले असते, मग आपण दोघींनी मिळून काळजी केली असती. इतक्या दुपारी मी खिडकीत बसून विचार केला, की वन्संनी माझं पुस्तक मला न सांगता दुसरीला का द्यावं."

मी घागर भरत राहिले.

पुढच्या बोटीने पुस्तक आलं. कव्हरावर चिकाचा डाग, पानांना आंब्याचा वास, आणि एकशे साठाव्या पानात दलालाच्या घरच्या कुणाची तरी मोरपंखी लोकर खूण म्हणून राहिलेली. काकांनी वाचनालयात स्वतः जाऊन डागाची कल्पना दिली आणि मुदत वाढवून आणली. वहिनींनी चार दुपारींत पुस्तक संपवलं. चौथ्या दिवशी त्या तीनच्या ठोक्यालाही उठल्या नाहीत. काकूंनी दोन हाका मारल्या तेव्हा उठल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसत होत्या.

"टाकलं का पत्र?" मी विचारलं.

"पौर्णिमेनंतर वाचा."

"नुसतं हो किंवा नाही सांगा."

"नाही सांगणार. म्हणजे, उत्तर 'नाही' असं नव्हे. सांगणार नाही."

पावसाळ्यापुरत्या बोटी बंद झाल्या, आषाढ लागला. शाळा, कपडे वाळवणं, शाळा. मला करमेना. मी वहीच्या मागच्या पानावर शेवटांची यादी केली. पत्र टाकते आणि ते मामाच्या हाती पडतं. पत्र टाकते आणि घड्याळजीचा मुलगा गाव सोडून गेलेला असतो. टाकत नाही, फाडते. टांग्यात पत्र पडतं आणि टांगेवाला पोचवतो. असे सात झाले. आठवड्यात एकदा मी ती यादी सुधारत असे. शेवटी धीर सुटला, आणि एका दुपारी वहिनी शेवया वळत असताना मी वही त्यांच्यापुढे धरली.

"बोलू नका. जो बरोबर असेल त्यावर नुसतं बघा."

वहिनींनी पिठाचे हात वर धरून सातही शेवट मनापासून वाचले. "तिसऱ्यात फारच रडारड आहे हो," त्या म्हणाल्या. "टांगेवाला बरा आहे. पण यातलं एकही नाही."

"एकही?"

"एकही. तुम्ही याद्या चांगल्या करता, वन्सं. त्या मुलीने तुमची यादी वाचलेली नव्हती, त्याला ती काय करणार?"

त्या दिवशी पहिल्यांदा त्या माझ्याशी पूर्वीसारख्या हसल्या. मला त्याचा इतका आनंद झाला की शेवट कळला नाही याचं दुःख संध्याकाळपर्यंत आठवलंच नाही.

नारळी पौर्णिमा झाली. दुसऱ्या दिवशी मागच्या पडवीत सोललेल्या नारळांचा ढीग पडला होता. ते मोजून, लहान-मोठे वेगळे लावून, यादी करून तीन वाजता गाडीवर द्यायचे होते. काम माझं. दोनला मी वही घेऊन निघाले, तर वहिनी पडवीच्या दारात उभ्या, पदर खोचलेला. त्यांनी माझ्या हातातून वही आणि टाक घेतला.

"तुम्ही खिडकीत जा."

"तास तुमचा आहे."

"म्हणूनच देतेय. सासूबाईंना विचारलंय. त्या म्हणाल्या, नारळ मोजले गेले म्हणजे झालं, कुणी का मोजेना."

पुस्तक खिडकीत होतं. त्यांनी काकांकडून पुन्हा मागवून घेतलं होतं, चिकाच्या डागासकट. माझा लाल दोरा कुठे पडला होता कुणास ठाऊक. मी पान शोधून काढलं. एकशे बेचाळीस. मुलगी टपालपेटीपाशी उभी होती.

तिने पत्र टाकलं नाही. फाडलंही नाही. टांग्याला थांबायला सांगून ती मामाच्या घरी परत धावली, स्टुलावर चढली आणि घड्याळाच्या पोटात, लंबकामागे, पत्र उभं करून ठेवलं. मग स्टेशनवर जाऊन आगगाडीत बसली आणि आपल्या गावी गेली. आता रविवार येईपर्यंत कुणाला काही कळणार नव्हतं. मी उठले. माठापर्यंत गेले. परत आले.

पडवीत वहिनी मोठ्याने मोजत होत्या. दोन्ही हातांत एकेक नारळ घेऊन, दोन-दोनने. "अठ्ठेचाळीस, पन्नास, बावन्न..." गड्याने काहीतरी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं, आणि मग, "अठ्ठेचाळीस, पन्नास..."

मी मान वर केली. मोजणी घसरली होती, आणि माझा हात सवयीने कानामागे टाक चाचपडायला गेला.

रविवारी घड्याळजीचा मुलगा आला. घड्याळाचं दार उघडलं, लंबकामागचं पत्र काढलं, वाचलं. किल्ली दिली नाही. किल्ली खिशात टाकली आणि स्टेशनवर गेला. मागच्या रविवारच्या किल्लीवर घड्याळ आता फार चालणार नव्हतं. मामा ओरडत होता. मुलगी आपल्या घरी ओसरीवर बसून दिवस मोजत होती, आणि तिच्या रस्त्यावर एक टांगा वळला.

"सत्तर," पडवीतून आवाज आला. "सत्तर झाले ना हो? मग एकसष्ट, बासष्ट..."

सत्तरानंतर एकसष्ट! मी उठले नाही, पान उलटलं.